कुप्याच्या थव्यापर्यंत होडी कशी न्यावी : फ्लायने गरवणाऱ्यासाठी सविस्तर उत्तर

ऐरोलीहून आपण विचारले आहे की, गोड्या पाण्यात दोन वर्षे फ्लाय रॉड (फ्लाय, म्हणजे पिसे-केस बांधून माशासारखा केलेला हलका गळ, टाकण्याची काठी) वापरल्यानंतर यंदा दिवाळीपासून आपण करंजाहून ओळखीच्या तांडेलाच्या (होडी चालवणाऱ्याच्या) होडीने तीनदा बाहेर समुद्रात गेलात. तिन्ही वेळा कुप्याचे (लहान ट्यूना माशाचे) थवे पाण्यावर उसळताना दिसले, पण होडी जवळ पोहोचेपर्यंत मासे खाली गेलेले असत. आणि दोनदा ते आवाक्यात आले तेव्हा फ्लाय त्यांच्या शेपटीमागे पडली. यावर आपला प्रश्न असा की, फ्लाय कोणती वापरावी आणि ती अधिक वेगाने कशी ओढावी.

आपण दिलेले वर्णन मी दोनदा वाचले. त्यावरून माझे मत असे झाले की अडचण फ्लायची नाही आणि ती ओढण्याच्या वेगाचीही नाही. तीन दिवसांत एकदाही फ्लाय माशाच्या पुढ्यात पडलेली नाही, आणि जी वस्तू माशाने पाहिलीच नाही ती त्याने नाकारली असे म्हणता येत नाही. म्हणून मी आधी होडीबद्दल, मग कास्ट करण्यापूर्वीच्या, म्हणजे फ्लाय फेकण्यापूर्वीच्या, पाच सेकंदांबद्दल आणि सर्वांत शेवटी फ्लायबद्दल लिहितो, कारण माझ्या अनुभवात यश याच क्रमाने ठरते.

एक गोष्ट आधीच मान्य करतो. पुढचे बरेचसे परिस्थितीवर अवलंबून आहे : होडी केवढी, इंजिन कोणते, पाणी किती निवळ, आणि तांडेलाला आपले म्हणणे किती पटते. मी बेलापूरला राहतो आणि गेली चौदा वर्षे मुख्यतः करंजापासून खांदेरी-उंदेरी आणि त्याच्या पश्चिमेच्या पाण्यात, पंचवीस ते तीस फुटी फायबरच्या होड्यांतून गरवतो आहे. जे लिहितो ते याच पाण्याचे आहे.

पाण्याची निवड थोडक्यात सांगतो. ठाण्याच्या खाडीत कुपा शोधण्यात अर्थ नाही. वाशी आणि ऐरोलीच्या पुलांखालचे पाणी उथळ आणि गाळाचे आहे, आणि कुपा हा नजरेने शिकार करणारा मासा आहे. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांना बंदी असते, आणि त्यानंतरही नद्यांचा गाळ खाली बसायला वेळ लागतो, म्हणून मी ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ धरतो. त्यातही उधाणाचे (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरती-ओहोटीचे) दिवस सोडून भांगाचे (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरती-ओहोटीचे) दिवस निवडतो, कारण भांगाला पाण्याची ओढ कमी असते आणि तळाचा गाळ कमी उचलला जातो. आपल्या किनाऱ्यावरचा तिथीला पाऊणपट करण्याचा हिशेब आपल्याला ठाऊक असेलच : अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती, नवमीला पावणेसातच्या सुमारास. या दोन-तीन दिवसांत उजाडताना भरती पूर्ण झालेली असते, ओहोटीबरोबर होडी सहज बाहेर पडते आणि दुपारी बारा-साडेबारापर्यंत ओहोटी चालू राहते. ती धरमतरच्या खाडीचे गढूळ पाणी बाहेर ढकलते, आणि ते तपकिरी पाणी बाहेरच्या हिरव्या पाण्याला जिथे भेटते तिथे फेसाचा, तरंगत्या पानांचा एक पट्टा तयार होतो. भिलजीचे आणि इतर बारीक माशांचे घोळके याच पट्ट्याच्या कडेला जमतात. माझा दिवस तिथूनच सुरू होतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. थवा दिसला की तांडेल त्याच्या दिशेने सरळ होडी सोडतो. यात त्याची चूक नाही. मागे दोरी सोडून मासे ओढणाऱ्याला थव्याच्या कडेने होडी पळवत न्यावीच लागते, आणि त्याची आयुष्यभराची सवय तीच असते. पण आपली फ्लाय पन्नास-साठ फुटांपलीकडे जात नाही, म्हणून आपल्याला मासा तेवढ्या जवळ आणि बेसावध हवा असतो. साधा हिशेब पाहा. थवा २०० मीटरवर आहे आणि तो सेकंदाला अडीच मीटर, म्हणजे ताशी ९ किलोमीटरने सरकतो आहे. कुप्यासाठी ही संथ चाल आहे. आपली होडी सेकंदाला चार मीटर जात असेल तर त्या जागी पोहोचायला ५० सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात थवा १२५ मीटर पुढे गेलेला असतो. आपण पोहोचलो ती माशांची जुनी जागा. मग तांडेल पुन्हा वळतो, पुन्हा वेग वाढवतो, आणि तिसऱ्या पाठलागानंतर मासे वर येणेच थांबवतात. आपल्या तीन दिवसांत बहुधा हेच घडले असावे.

यावर उपाय म्हणजे पहिली दहा मिनिटे काहीही न करता पाहणे. हे सांगायला सोपे आणि करायला फार कठीण आहे, कारण समोर पाणी उकळत असते आणि हातात रॉड असतो. तरीही होडी शंभर-दीडशे मीटर दूर थांबवून तीन गोष्टी मोजाव्यात : थवा किती वेळ वर राहतो, किती वेळ खाली असतो, आणि पुन्हा वर येतो तेव्हा आधीच्या जागेपासून कोणत्या दिशेला आणि किती अंतरावर येतो. मी घड्याळ पाहून मोजतो. तीन-चार फेऱ्यांत एक लय सापडते; कधी ती पंधरा सेकंद वर आणि दीड मिनिट खाली अशी असते, कधी मासे पाच-पाच मिनिटे वरच राहतात. पक्षी यात मोठी मदत करतात. सुरय उंचावरून एकाच दिशेने सरळ उडत असतील तर मासे खाली आहेत पण वाट चालत आहेत, आणि पक्ष्यांची दिशा हीच त्यांची दिशा असते. सुरय एका जागी फडफडत सूर मारू लागले की बारीक मासळी वर रेटली गेली आहे असे समजावे. पक्षी पाण्यावर बसले की तो खेळ संपला. कुरव मात्र फसवतात. ते ट्रॉलरच्या टाकाऊ मासळीवरही तेवढ्याच उत्साहाने गोळा होतात.

लय सापडली की थव्याला लांबून वळसा घालून त्याच्या वाटेवर पुढे जायचे आणि तिथे थांबायचे. पुढे म्हणजे शक्यतो वाऱ्याच्या वरच्या अंगाला. खाताना हे थवे बहुधा वाऱ्याच्या किंवा प्रवाहाच्या तोंडावर सरकतात, त्यामुळे वरच्या अंगाला थांबलेल्या होडीकडे ते स्वतःहून येतात. होडी वाऱ्याने हलकेच त्यांच्याकडे वाहते. आणि फ्लाय टाकताना वारा पाठीशी राहतो. सकाळी जमिनीकडून मतलई वारे असतात तेव्हा याचा अर्थ थव्याच्या किनाऱ्याकडील बाजूला जाणे असा होतो. दुपारी खारे वारे सुटले की सगळी मांडणी उलटते, आणि बहुतेक वेळा लाटाही एवढ्या वाढतात की मी अकरानंतर नव्या थव्यामागे जात नाही.

इंजिनाबद्दल मतभेद आहेत. काही अनुभवी मित्र इंजिन पूर्ण बंद करतात. माझा कल वेगळा आहे. या बाजूचे समुद्रातले मासे डिझेल इंजिनांचा एकसारखा आवाज रोजच ऐकत असतात. त्यांना बिचकवतो तो आवाजातला बदल : अचानक वाढवलेला वेग, गिअर पडल्याचा धक्का, उलटा फिरवलेला पंखा. म्हणून साठ-सत्तर मीटर आधीच वेग हळूहळू उतरवून इंजिन न्यूट्रलवर आणावे आणि मग त्याला हात लावू नये. होडीत वस्तू आपटू नयेत, बर्फाच्या पेटीचे झाकण उघडझाप करू नये. आउटबोर्ड असलेली आणि एका झटक्यात चालू होणारी होडी असेल तर बंद करायला माझी हरकत नाही, मात्र आसपास जहाजांचा मार्ग असेल तर कधीही बंद करू नये. न्हावा-शेव्याकडे जाणारी मोठी जहाजे आपल्याला पाहून वळू शकत नाहीत.

एक सकाळ सांगतो, म्हणजे हे सगळे एकत्र कसे दिसते ते कळेल. डिसेंबरातली नवमी होती आणि आम्ही खांदेरीच्या पश्चिमेला होतो. मी ज्यांच्या होडीने जातो त्या तांडेलांना आम्ही नाना म्हणतो. थवा दक्षिणेकडून ईशान्येला चालला होता, वीसेक सेकंद वर आणि दोन मिनिटे खाली. दोनदा मोजून मी म्हणालो, “नाना, त्यांच्या मागे नको. त्या फेसाच्या पट्ट्याच्या टोकाला नेऊन सोडा.” नानांना ते पटलेले नव्हते, पण त्यांनी होडी नेली आणि न्यूट्रलवर टाकली. दोन मिनिटे काहीच नाही. मग पाण्यावर तेलकट चकाकी दिसली, तिच्यात भिलजीचे सुटलेले खवले वर येताना चमकले, आणि पत्र्यावर सर पडावी तसा आवाज होऊन थवा आमच्यापासून चाळीस फुटांवर फुटला. कुपे इतके जवळ होते की पाठीच्या मागल्या भागावरच्या तिरक्या गडद रेघा आणि छातीच्या परांखालचे काळे ठिपके दिसत होते. त्या दिवशी आम्ही कोणाचाही पाठलाग केला नाही आणि एकाच थव्यातून तीन मासे घेतले. त्यानंतर नाना स्वतःच लांबून वळसा घालू लागले.

होडी कुठे थांबते याइतकेच ती कोणत्या कोनात थांबते हे महत्त्वाचे आहे. आपण उजव्या हाताने टाकत असाल तर नाळेवर (होडीच्या पुढच्या टोकावर) उभे राहावे आणि मासे डाव्या पुढच्या अंगाला, घड्याळाच्या दहा-अकराच्या दिशेला येतील अशी होडी ठेवायला सांगावे. मग मागे जाणारी दोरी उजवीकडच्या मोकळ्या पाण्यावरून जाते. मासे उजव्या अंगाला असतील तर तीच दोरी, गळासकट, होडीतल्या माणसांच्या डोक्यावरून फिरते. वारा उजव्या खांद्यावर येत असेल तर ती आपल्याच मानेवर येते. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकणे आणि होडीतल्या प्रत्येकाने चष्मा लावणे हे मी अटीसारखे पाळतो. तांडेलाशी हे निघण्यापूर्वी धक्क्यावरच बोलून घ्यावे, आणि दिशा सांगायला घड्याळाचे आकडे ठरवून घ्यावेत. “तिकडे, तिकडे” म्हणण्यात जी तीन सेकंदे जातात ती परत मिळत नाहीत.

आता पाच सेकंदांबद्दल. गोड्या पाण्यात आपण मासा दिसल्यावर रीलमधून दोरी काढतो, चार-पाच वेळा हवेत मागेपुढे फिरवतो आणि मग टाकतो. इथे प्रत्येक फेरीला सुमारे दोन सेकंद धरले तर चार फेऱ्यांत आठ सेकंद जातात आणि मासा वीस मीटर पुढे सरकतो. आपली फ्लाय शेपटीमागे का पडली त्याचे उत्तर यातच आहे. म्हणून दोरी आधीच बाहेर असली पाहिजे. मी सकाळी पहिल्या थांब्यावर साठ फूट दोरी काढतो, ती दोन्ही हातांनी ताणून तिच्यातली वळणे घालवतो, एकदा पूर्ण टाकून परत ओढतो आणि पायाशी ठेवलेल्या उंच काठाच्या प्लास्टिकच्या टबात सोडतो. एकदा टाकून ओढल्यामुळे जे टोक आधी जायचे ते वर राहते. रॉडच्या टोकाबाहेर दहा-बारा फूट दोरी लोंबती ठेवायची, फ्लाय डाव्या हाताच्या चिमटीत धरायची. मासा दिसताच फ्लाय सोडायची, एक फेरी, फार तर दोन, आणि टाकायचे. पन्नास फूट पुरतात. ऐंशी फूट टाकता येणे ही चांगली गोष्ट आहे, पण मला मिळालेल्या बहुतेक माशांनी फ्लाय चाळीस ते पन्नास फुटांच्या आतच घेतली.

टबाबद्दल आग्रहाने सांगतो, कारण तो नसल्याने माझे नुकसान झाले आहे. माझ्या दुसऱ्या हंगामात दोरी होडीच्या तळावर मोकळी पडली होती, मासा लागला, आणि एक वेढा माझ्या सँडलच्या बक्कलात अडकला. लीडर (दोरी आणि फ्लाय यांच्यामधला बारीक धागा) तुटला एवढ्यावर निभावले, पण माझ्या पायाला ओढ बसली तेव्हा मी नाळेच्या कडेवर होतो. तेव्हापासून मी नाळेवर अनवाणी उभा राहतो आणि लाइफ जॅकेटचे लोंबते पट्टे आत खोचतो.

टाकायचे कुठे? थव्याच्या मधोमध टाकू नये. थवा ज्या बाजूला सरकतो आहे त्या बाजूला, आघाडीच्या माशांपुढे तीन ते चार मीटरवर फ्लाय पडावी, म्हणजे मासे तिच्यापर्यंत येताना ती हातभर खाली गेलेली असते.

इथपर्यंतचे एका ओळीत सांगायचे तर : आधी मोजा, लांबून वळसा घाला, वाटेवर थांबा, आणि दोरी तयार ठेवून पुढ्यात टाका. हे जमले तर फ्लायचा प्रश्न बराच सोपा होतो.

फ्लायमध्ये मी आकाराला सर्वांत जास्त महत्त्व देतो. कुपा एखाद्या दिवशी तीन सेंटिमीटरच्या पिल्लांवर तुटून पडलेला असतो आणि दहा सेंटिमीटरच्या सुंदर फ्लायकडे पाहतही नाही. पाण्यावर तरंगणारा एखादा अर्धवट मासा जाळीने उचलावा, नाहीतर पहिला कुपा मिळाल्यावर त्याचे पोट उघडून पाहावे. पांढऱ्या पोटाची, हिरवट किंवा करड्या पाठीची, तीन ते सात सेंटिमीटरची फ्लाय २ ते १/० क्रमांकाच्या गळावर बांधलेली असावी. बॉब क्लाउझर यांची वजनदार डोळ्यांची मिनो आणि लेफ्टी क्रे यांची डिसीव्हर या दोनच पद्धती माझ्या डबीत मुख्यतः असतात. रॉड नऊ फुटी, ९ किंवा १० क्रमांकाचा. दोरी सावकाश बुडणारी, इंटरमीजिएट. लीडर सहा-सात फूट, टोकाला २० पौंडी फ्लुओरोकार्बन. सुरमई असण्याची शक्यता असेल तर शेवटी वीतभर बारीक तार लावावी, कारण तिचे दात कोणताही नायलॉन कापतात. पण तारेमुळे कुपा बिचकतो, म्हणून मी ती सुरमई दिसल्यावरच लावतो. डागोळ हा मासा या दोन्हींच्या मधला आहे : त्याला तार लागत नाही, पण लागलेला मासा उतरवल्यावर लीडरचे टोक खरवडले आहे का ते बोटाने तपासावे.

आणि आता आपला मूळ प्रश्न, वेगाचा. रॉड काखेत धरून दोन्ही हातांनी आळीपाळीने ओढले तर दोरी अखंड आणि बरीच वेगाने येते, आणि विखुरलेल्या, एकेकट्या धावणाऱ्या माशांना तीच चाल आवडते. पण आपण हाताने कितीही वेगाने ओढले तरी कुप्यापेक्षा जलद ओढू शकत नाही, त्यामुळे त्याच्या तोंडून फ्लाय हिसकावली जाईल ही भीती बाळगू नये. उलट, बारीक पिल्लांचा गोळा करून मासे खात असतील तेव्हा मी फ्लाय टाकून जवळजवळ काहीच करत नाही. ती बुडू देतो आणि मध्येच सहा इंच ओढतो. घोळक्यातून जखमी होऊन खाली जाणारा मासा असाच दिसतो, आणि कुपा त्याला सोडत नाही. दोन कास्ट वेगाने करून उत्तर मिळाले नाही तर तिसरा सावकाश करून पाहा.

मासा लागल्यावर रॉड वर उचलू नये. ही गोड्या पाण्यातली सवय इथे मासा घालवते. रॉड माशाच्या दिशेने खाली ठेवून डाव्या हाताने दोरी लांब ओढावी, गळ बसला की हात सैल सोडून टबातली दोरी निघून जाऊ द्यावी आणि नजर माशाकडे न ठेवता त्या दोरीकडे ठेवावी. दोन-तीन किलोचा कुपाही पहिल्या धावेत सगळी फ्लायची दोरी आणि मागची बरीच बॅकिंग (रीलवर तिच्यामागे गुंडाळलेली बारीक दोरी) घेऊन जातो, म्हणून बॅकिंग किमान २०० मीटर हवी. रीलचा ड्रॅग (दोरी सुटताना रील देते तो अडथळा) वजनाच्या काट्याने मोजून दोन किलोच्या आसपास लावावा आणि मधे वाढवू नये. कुप्याला हवेची पिशवी नसते, तो सतत पोहत राहूनच श्वास घेतो, आणि शेवटी होडीखाली गोल गोल फिरत खाली दाबतो. त्या वेळी रॉड उभा केला तर तो टोकाकडच्या भागात तुटतो. रॉड आडवा, पाण्याकडे झुकलेला ठेवून माशाच्या फेऱ्यांच्या उलट बाजूला दाब द्यावा आणि तांडेलाला होडी चार-पाच मीटर बाजूला सरकवायला सांगावे.

मासा ठेवायचा असेल तर लगेच छातीच्या परामागे चीर देऊन रक्त काढावे आणि बर्फात पुरावा. कुप्याचे अंग आसपासच्या पाण्यापेक्षा गरम असते, आणि त्याच्या मांसात उष्णतेने हिस्टॅमिन तयार होते जे शिजवूनही जात नाही. सोडायचा असेल तर हातात धरून फोटो काढत बसू नये. त्याला डोक्याच्या बाजूने पाण्यात जोराने सोडावे, म्हणजे कल्ल्यांतून पाणी वाहू लागते.

पुढच्या भांगापर्यंत आपल्याकडे दोन आठवडे आहेत. ऐरोलीत घराजवळच्या मैदानावर सकाळी लवकर जावे, फ्लायचा गळ पक्कडीने तोडून टाकावा, पायाशी टब ठेवावा आणि पन्नास फुटांवर एक टॉवेल अंथरावा. घरातल्या कोणालातरी मागे उभे करून मध्येच “अकरा” किंवा “दहा” असे आकडे सांगायला लावावेत आणि फ्लाय पडेपर्यंतची सेकंदे मोजायला सांगावीत. मी स्वतः हंगामाआधी दरवर्षी हे करतो. सुरुवातीला आठ-नऊ सेकंद लागतात, आठवडाभरात ते पाचावर येतात. वारा उजव्या खांद्यावर असतानाही करून पाहा, कारण तांडेल कितीही चांगला असला तरी चार कास्टमधला एक तसाच वाट्याला येतो.